सोनोग्राफीमागचं गणित आवडतंय, पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीबरोबर सोनोग्राफीला गेली तेव्हापासून 'बीमफॉर्मिंग'चं वेड घेऊन बसली आहे. कॅम्पसमधून आयटीत नोकरी लागेल, ती सोडून या वाटेला जाऊ द्यावं का? प्रोजेक्टसाठी जुनं सोनोग्राफी मशीन मिळतंय का, तेही पाहतोय.
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. आधी मशीनचं. कृपया शोधूसुद्धा नका. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला हे मशीन विकता येत नाही, मग ते जुनं का असेना. तिला त्याची गरजही नाही. तिला जे आवडलंय, ते मशीनच्या आत चालणाऱ्या बेरजेत आहे.

ती बेरीज तुम्हीही समजून घ्या. पोटावर फिरवतात त्या प्रोबच्या तोंडाशी साधारण १२८ बारीक पट्ट्या ओळीनं असतात. प्रत्येक पट्टी शरीरातून परतलेला आवाज वेगळा ऐकते. समजा, मधल्या पट्टीच्या बरोबर खाली ३ सेंटिमीटरवर एक ठिपका आहे. तिथून १ सेंटिमीटर बाजूच्या पट्टीकडे यायला आवाजाला १.६ मिलिमीटर जास्त चालावं लागतं. शरीरात त्याचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात, म्हणजे उशीर झाला साधारण १ मायक्रोसेकंद. प्रत्येक पट्टीचा असा उशीर काढून टाकायचा, सगळे आवाज एका रेषेत आणायचे आणि बेरीज करायची, की ठिपका उठून दिसतो. यालाच बीमफॉर्मिंग म्हणतात. ५ मेगाहर्ट्झच्या आवाजाचं एक कंपन ०.२ मायक्रोसेकंदाचं असतं. त्याच्या निम्म्यानं चुकलात, की आवाज एकमेकांना खोडतात. चरबीत आवाज हळू चालतो, त्यामुळे हा हिशेब बिघडतो आणि स्थूल पेशंटचं चित्र धूसर येतं. यावर काम करणारी माणसं हवीच आहेत.

या सुट्टीत तिला एकच काम द्या. २०१६ साली 'पिकमस' नावाच्या स्पर्धेसाठी १२८ पट्ट्यांच्या प्रोबचा कच्चा डेटा खुला केला होता. तो घेऊन तिनं पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उशीर स्वतः काढावेत, तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला कोड) वापरू नये. पहिलं चित्र बहुतेक फाटकंच येईल. ते का फाटलं हे शोधण्यात तिच्या रात्री गेल्या, तर तिला अडवू नका. आठवड्यात कंटाळली, तर आयटीची नोकरी आनंदानं घेऊ द्या.

या कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. जीई हेल्थकेअर, फिलिप्स, सीमेन्स हेल्थिनीअर्स यांची संशोधन केंद्रं बंगळुरूत आहेत, आणि नुसत्या बी.ई.वर तिथे अल्गोरिदमचं काम मिळणं कठीण. त्यामुळे एम.टेक.साठी 'गेट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. 'बायोमेडिकल' या नावाला भुलू नका. माझं मत सिग्नल प्रोसेसिंगमधल्या एम.टेक.ला. गेटवर प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरावर फार भार येणार नाही. रडार, सोनार, ५जी अँटेना यांतही हेच गणित चालतं, तेव्हा दोन वर्षं वाया जाण्याची भीती बाळगू नका.

तिचं पहिलं चित्र आलं, फाटकं का होईना, की मला पाठवायला सांगा. कोडसुद्धा पाठवू दे.