सगळ्या प्रोजेक्टला एकच लिंट

अरे, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ईएसलिंटची (जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका शोधणारं टूल, म्हणजेच लिंट) नियमांची फाईल कॉपी पेस्ट करत बसू नकोस, सहा महिन्यांत सगळ्या फायली वेगवेगळ्या होतात, मी भोगलंय हे. एक छोटं एनपीएम पॅकेज (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल करता येणारा कोडचा गठ्ठा) कर, नियम त्यात टाक आणि सगळीकडे तेच इम्पोर्ट कर, म्हणजे नियम बदलला की फक्त व्हर्जन वाढवायचं. २०२४ मध्ये आलेल्या ईएसलिंटच्या व्हर्जन ९ पासून फ्लॅट कॉन्फिगच (नियमांच्या फाईलचा नवा प्रकार) डिफॉल्ट आहे, त्यामुळे जुन्या ट्यूटोरियलमधलं ईएसलिंटआरसी (फाईलचा जुना प्रकार) बघून गोंधळू नकोस.

स्पेस, कोट, सेमीकोलन हे सगळं प्रिटियरवर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल) सोड, लिंटला फक्त खऱ्या चुका पकडू दे, न वापरलेलं व्हेरिएबल, विसरलेलं अवेट वगैरे (अवेटवाल्या नियमाला टाइपस्क्रिप्टची टाइप माहिती लागते बरं का). दोघांची भांडणं लागली तर ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटियर हे पॅकेज कॉन्फिगमध्ये शेवटी लाव, ते भांडणारे नियम बंद करतं.

जुन्या प्रोजेक्टवर चालवलंस की हजारभर एरर येतील, घाबरू नको, फॉरमॅटिंगचा एक वेगळा कमिट कर आणि त्याचा हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज फाईलमध्ये टाक, नाहीतर ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) प्रत्येक ओळीवर तुझंच नाव दिसेल 😄 आणि हो, हस्कीचा हुक (कमिट करताना आपोआप चालणारी तपासणी) नो-व्हेरिफाय टाकून कोणीही चुकवतं, म्हणून सीआयमध्ये (कोड पुश केल्यावर सर्व्हरवर होणारी तपासणी) लिंट हवंच, मॅक्स-वॉर्निंग्ज शून्य ठेवून, म्हणजे एक वॉर्निंग आली तरी तपासणी फेल.