मृत्युपत्राने संपत्तीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग देता येत नाही, ही मर्यादा कुराणात सापडत नाही, ती हदीसमधून (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींतून) येते; मग हदीसचा अधिकार कुराणाइतकाच मानायचा का?

नाही, सुन्नी शास्त्रपरंपरेतही हदीसचे स्थान कुराणानंतरचे आहे. मात्र कुराणात तपशील नाही तिथे प्रमाणित हदीस बंधनकारक मानली जाते, आणि मृत्युपत्राची मर्यादा हे त्याचेच उदाहरण आहे. फरकाचे कारण प्रामाण्याच्या दर्जात आहे: कुराणाचा पाठ सामूहिक पठणातून अखंड आला असे मानतात, तर बहुतेक हदीस मोजक्या निवेदकांच्या साखळीतून आल्या आणि हदीस-संकलक बुखारींचा संग्रह पैगंबरांच्या निधनानंतर (६३२) सुमारे दोन शतकांनी सिद्ध झाला. म्हणूनच सांगली-मिरजेकडे प्रामुख्याने पाळल्या जाणाऱ्या हनफी या सुन्नी कायदेपरंपरेत एकट्यादुकट्या निवेदकाच्या हदीसने कुराणाचा सर्वसाधारण आदेश मर्यादित करता येत नाही. दुसऱ्या सुन्नी कायदेपरंपरेचे प्रवर्तक शाफिई (निधन ८२०) यांनी हदीसला याहून अधिक वजन दिले, आणि माझ्या मते हा मूळ वाद तिथेच अधिक स्पष्ट होतो. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: केवळ कुराण प्रमाण मानणारे गट अल्पसंख्य आहेत, शियांचे हदीससंग्रह वेगळे आहेत, आणि सांगलीच्या न्यायालयात तुमचा स्वतंत्र अन्वयार्थ नव्हे, तर प्रस्थापित मुस्लिम व्यक्तिगत कायदाच लागू होईल, त्यानुसार वारसांच्या संमतीनेच मृत्युपत्राची एक तृतीयांश मर्यादा ओलांडता येते.