वाक्यातला ‘च’

“मॅडम, सगळं कळतं हो, पण वळत नाही.” हे वाक्य मी समुपदेशनात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. काय खावं, किती चालावं, पाणी किती प्यावं हे विचारायला माणसं माझ्याकडे येत नाहीत. ते त्यांना पाठ असतं. येतात ती स्वतःवर चिडून. त्यातल्याच एका ताईंबद्दल, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, लिहिते आहे.

वय 46, घर नाशिकच्या सिडकोत, नोकरी एका पतसंस्थेच्या काउंटरवर. मिस्टरांना अंबडला पहिली शिफ्ट. शुगर काठावर आल्याचं कळल्यापासून दर सोमवारी ताईंचा नवा संकल्प असायचा: पहाटे पाचला गोल्फ क्लबच्या मैदानावर तासभर चालणं, तीन लिटर पाणी, भात बंद, साखर बंद. गुरुवारपर्यंत सगळं बारगळायचं. पहाटे पाचलाच डब्याची कणीक मळायची असते, हे त्या संकल्पात कुठेच नव्हतं. लिटरची स्टीलची बाटली सकाळी भरून जायची, संध्याकाळी तशीच परत यायची आणि ते पाणी तुळशीला जायचं.

“मी मुळातच आळशी आहे,” त्या म्हणायच्या. पाचला उठणारी बाई आळशी!

समोरचा माणूस बोलतो ते त्याच्याच शब्दांत वहीत टिपायची मला सवय आहे. तिसऱ्या भेटीत ते पान मी त्यांच्यापुढे सरकवलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं.

“तासभर चाललंच पाहिजे. तीन लिटर झालंच पाहिजे. भात सुटलाच पाहिजे. एक दिवस जरी चुकला तरी मग काहीच उपयोग नाही.”

त्या थांबल्या. परत वरून वाचू लागल्या, या वेळी प्रत्येक शब्दावर बोट ठेवत. “किती ‘च’ आहेत हो यात!”

“ते सोडून वाचा.”

“तासभर चाललं… तर बरं.” मग माझ्याकडे बघून, “म्हणजे वीस मिनिटं झाली तरी चालेल?”

त्या एका प्रश्नासाठी मी तीन भेटी थांबले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. आपण आपल्या इच्छेची सक्ती करून टाकतो आणि त्या सक्तीखाली दबून जातो, असं ते सांगत. मराठीत ही सक्ती एका अक्षरात मावते, म्हणून ती ऐकायला कान तयार असावा लागतो.

पण मला खरं गवसलं ते त्यानंतर. मी सहज विचारलं, “बाटली भरलेली परत का येते?” याआधीचं उत्तर होतं, “आठवतच नाही.” या वेळी त्या जरा घुटमळल्या. “ऑफिसात बायकांचं वेगळं टॉयलेट नाही. आहे ते साहेबांच्या केबिनला लागून. सगळ्यांसमोरून जावं लागतं. म्हणून मी पाणी टाळते.”

वर्षानुवर्षं ही बाई स्वतःला आळशी म्हणत होती. एकदा आळशी म्हटलं की पुढे शोधायला काही उरत नाही. ‘च’ गळल्यावर अडचण दिसली, आणि अडचणीवर उपाय असतो. घरून निघण्याआधी दोन ग्लास, दुपारी डब्याबरोबर ताक. शेजारच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या बाईंनी त्यांचं टॉयलेट वापरू दिलं. पुढे ऑफिसातल्या तिघींनी मिळून साहेबांकडे अर्जही दिला.

तुम्हालाही तेच सांगते. पाण्याचा आकडा सगळ्यांना सारखा नसतो. लघवी फिकट पिवळी असेल तर बहुधा पाणी पुरेसं जातंय. गडद होऊ लागली तर वाढवा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते जास्त लागणारच. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

चालण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सलग निदान दहा मिनिटं हवीत, ही पूर्वीची अट 2020च्या सूचनांमध्ये राहिली नाही. स्टॉपपर्यंतची पाच मिनिटंही, जरा झपझप चाललात तर, हिशेबात धरा. ताई रात्री जेवणानंतर मिस्टरांबरोबर कॉलनीला दोन फेऱ्या मारू लागल्या. जेवणानंतरचं असं चालणं साखरेची उसळी कमी करतं, म्हणून त्यांना ते दुप्पट कामाचं. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठबस, एवढ्यापासून सुरुवात करा.

आणि जेवण. भात बंद करायची गरज नव्हती, तो कमी करून वरण घट्ट करायचं होतं. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोला पन्नासच्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीतून ती भागत नाहीत. मोडाची मटकी, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, हे आपल्याच घरातलं आहे. रविवारच्या मिसळीला त्या पाप म्हणायच्या. मी म्हटलं, मटकी वाढवून घ्या, तर्री बेताची घ्या, दुसरा पाव राहू द्या.

सातव्या भेटीला त्या आल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, “नणंदेकडे लग्न होतं, चार दिवस चालणं नाही, खाणंही वाट्टेल तसं.” मी पुढचं ऐकायला थांबले.

“गुरुवारी रात्री परत सुरू केलं. सोमवारची वाट नाही बघितली.”