घरचा गोठा पुन्हा उभारताना

वडिलोपार्जित गोठा पुन्हा सुरू करण्याचा तुमचा निश्चय कळून मनापासून आनंद झाला. मात्र इंदूरच्या आसपास आजोबांच्या काळी गुरे ज्या कारणासाठी पाळली जात, ते कारण आता फारसे उरलेले नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. माळवी ही इकडची गुरांची जात मुळात कामाची. तिचे बैल काळ्या जमिनीत नांगराला आणि गाडीला उत्तम चालत, परंतु ट्रॅक्टर आल्यावर तो आधार सुटला आणि सगळा हिशेब दुधावर व त्यातील स्निग्धांशावर, म्हणजे फॅटवर, येऊन ठेपला. संकरित होल्स्टीन, म्हणजे विदेशी वंशाची दुधाळ गाय, घेणार असाल, तर मे महिन्यातील ऊन तिला सोसत नाही, म्हणून छप्पर उंच ठेवून पाणी दिवसभर समोर असू द्यावे.

एक जुनी रीत मात्र निक्षून सोडा. वार (वासरानंतर बाहेर पडणारे गर्भाचे आवरण) पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे गाय व्यायल्यावरचे पहिले दूध, न पाजणे घातक आहे, कारण रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला गर्भात मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात आणि ती शोषण्याची आतड्यांची क्षमता सुमारे 24 तासांत संपते. पहिल्या 2 तासांतच चीक पोटात गेला पाहिजे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून 2 वेळा टोचून घ्यावी.

गोवर्धनपूजेला गुरे धुऊन सजवण्याची प्रथा जरूर ठेवा. त्या निमित्ताने घरातील मुलांचा हात गुरांच्या अंगावरून फिरतो आणि कासेजवळची गोचीड किंवा खुरातील जखम वेळेवर सापडते.