वहीच्या मागच्या पानावरचा आकडा

पत्र: "आम्ही वसईचे, कॅथलिक. धाकटा भाऊ कुवेतला असतो. वडिलोपार्जित जागा विकायचं कुलमुखत्यारपत्र त्याने माझ्या नावे दिलंय. घेणारा म्हणाला, 'वरचे चार लाख रोख देतो, भावाला कशाला कळायला हवं?' मी हो म्हटलं नाही. पण झोप उडालीय. तो आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. तीन रविवार ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. मनात आलं तेव्हाच पाप झालं ना? आणि आदामापासून पाप रक्तातच आहे, तर देव मला मोहात का घालतो?"

दादा, शेवटचा प्रश्न आधी घेते. मोहात देव घालत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे स्वच्छ लिहिलंय: माणसाला ओढते ती त्याची स्वतःचीच वासना. तिथला मूळ ग्रीक शब्द आमिष दाखवून मासा पकडण्याचा आहे. तुम्ही समुद्राकाठचे, तुम्हाला मी काय सांगू? आमिष कुणीही लावो, भूक माशाची असते. पुढे याकोब म्हणतो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. म्हणजे ओढ वाटली की लगेच पाप झालं असं नाही. मधल्या दिवसांत आपण तिला होकार देतो की नाही, त्यावर सगळं ठरतं.

आदामाकडून आपल्याकडे आली ती दुखावलेली प्रकृती. त्याच्या कृत्याचा दोष तुमच्या माथी नाही. बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतलं तरी वाईटाकडचा कल उरतो. 1546 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने सांगितलं, की तो झुंजण्यासाठी उरला आहे, जो संमती देत नाही त्याचं तो काही बिघडवू शकत नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचं मत वेगळं होतं, तो त्या कलालाही पापच म्हणे. पण तुम्ही कॅथलिक आहात, तेव्हा विचार आला एवढ्यानेच स्वतःला वेदीपासून दूर ठेवू नका. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूलाही मोह घालायला आला होताच.

मात्र ती वही मला खटकते. आकडा लिहिलात आणि खोडला नाहीत, तिथे विचाराला तुम्ही बसायला पाट दिलात. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव काइनाला म्हणतो, पाप दाराशी टपून बसलंय, तू त्याच्यावर सत्ता चालव. हे काइनाने हाबेलाला मारण्याआधीचं बोलणं आहे, आणि तिथेही दोघं सख्खे भाऊच. काइनाने ऐकलं नाही. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

वहीचं सगळं कन्फेशनमध्ये सांगा. ते कितपत गंभीर, हे फादरांवर सोपवा. आणि त्याआधी, आजच, भावाला फोन करा. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, जेवण आटोपून केलात तरी तो जागा असेल. घेणारा काय म्हणाला ते आकड्यासकट सांगा आणि मग त्याच्याशी बोलत असतानाच ते पान फाडा.