वडिलांसाठी डिमेन्शिया केंद्र निवडायचंय. शांत केंद्र बरं की गजबजलेलं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: वडील ७८ वर्षांचे, अल्झायमर मधल्या टप्प्यात, संध्याकाळी चिडतात, रात्री उठून दार शोधतात. दोन केंद्रं पाहिलीत. एकात सगळे हॉलमध्ये शांत बसलेले, दुसऱ्यात कोणी फेऱ्या मारतंय, कोणी नर्सशी वाद घालतंय. तुम्हाला पहिलं आवडलं, बहिणीला दुसरं.

शांत हॉलबद्दल बहिणीची शंका रास्त आहे.

मधल्या टप्प्यातली माणसं चालतात, शोधतात, तोच प्रश्न दहा वेळा विचारतात. अशी पंधरा माणसं सकाळी अकराला एका हॉलमध्ये चिडीचूप बसलेली दिसली, की मी भिंतीवरची चित्रं बघत नाही, औषधांचा तक्ता मागतो. शांतता ही गुणवत्तेची खूण आहे असं मानणाऱ्या डॉक्टरांशी, मॅनेजरांशी आणि नातेवाइकांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने जाणार हे आधीच सांगतो.

क्रम जवळजवळ ठरलेला असतो. नवीन आलेला माणूस संध्याकाळी चारनंतर अस्वस्थ होतो. उजेड बदलतो, ड्युटी बदलते, ओळखीचा झालेला केअरटेकर निघून जातो. त्यातच त्याला चार दिवस शौचाला झालेलं नसतं, पाणी कमी प्यायलेलं असतं किंवा गुडघा ठणकत असतो. हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तो हात झटकतो, ओरडतो. रात्रीच्या ड्युटीवर तीस जणांमागे दोनच माणसं. डॉक्टरांना फोन जातो, ‘पेशंट ॲग्रेसिव्ह आहे.’ न तपासता फोनवरच हॅलोपेरिडॉल किंवा क्वेटियापिन सुरू होतं. ही अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात भास-भ्रमांच्या मानसिक आजारांवरची औषधं. हॅलोपेरिडॉलचे थेंब रंगहीन, वासहीन, चवहीन असतात. ते पाण्यात घालून दिले तर ना पिणाऱ्याला कळतं, ना भेटायला आलेल्या मुलाला.

पुढचा भाग घरच्यांना कोणी सांगत नाही. या औषधांनी अंग ताठरतं, पावलं आखडतात, उभं राहताना रक्तदाब पडतो. काहींना अकथिसिया होतो, म्हणजे आतून अशी तगमग की बसवत नाही. बाहेरून ती चिडचिडीसारखीच दिसते, म्हणून डोस वाढवला जातो. बद्धकोष्ठता मूळची होतीच, औषधाने ती आणखी घट्ट होते. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुबा मोडतो. म्हातारपणी खुबा मोडलेल्यांपैकी पाचातला किमान एक वर्षभरात दगावतो, आणि डिमेन्शिया असेल तर परिस्थिती आणखी वाईट. जे उरतात त्यांतले बरेच पुन्हा आधीसारखे चालत नाहीत. मग ते खाटेवर, आणि खाटेवरचा माणूस शांतच असतो.

ही माझी एकट्याची तक्रार नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक गोळ्यांवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यासाठी १७ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांतले ४.५ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांतले २.६ टक्के वृद्ध दगावले होते. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांना २००८ मध्ये तोच इशारा लागला. लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या अल्झायमरहून वेगळ्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉल जिवावर बेतू शकतं. म्हणून वडिलांच्या डिमेन्शियाचा प्रकार न विचारता खोली दाखवायला निघणारं केंद्र तिथेच सोडून द्यावं.

आता केंद्रात काय विचारायचं. ‘किती जणांना अँटिसायकोटिक चालू आहे?’ हा प्रश्न सगळ्यांना सुचतो आणि त्याचं गुळगुळीत उत्तर तयार असतं. त्याऐवजी विचारा, ‘शेवटचं कोणाचं बंद केलं, आणि कसं?’ नाव सांगू नका म्हणा, फक्त हकीकत ऐका. ज्यांनी खरोखर डोस उतरवलाय ते सांगतील की दर दोन-चार आठवड्यांनी थोडा थोडा कमी केला, त्या काळात संध्याकाळी एक माणूस त्यांच्यासोबत ठेवला, मधे एकदा पुन्हा वाढवावा लागला. ज्यांनी कधी बंदच केलं नाही ते ‘डॉक्टर ठरवतात’ म्हणतील.

दुसरा प्रश्न: ‘एखादे गृहस्थ अचानक हिंसक झाले तर पहिल्या दोन तासांत काय करता?’ बरोबर उत्तरात गोळी शेवटी येते. आधी ताप, नाडी, रक्तातली साखर, ऑक्सिजन. पोट कधी साफ झालं, लघवी तुंबली आहे का. गेल्या आठवड्यात नवं औषध सुरू झालंय का, डोकं आपटलंय का. वेदना मोजायला PAINAD सारखी पट्टी वापरता का, हेही विचारा. ‘पेनॅड’ म्हणतात तिला. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण, एकूण दहा. बोलू न शकणाऱ्याचं दुखणं ओळखायला हे पुरतं, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बदललेलं वागणं म्हणजे डिमेन्शिया वाढला असं समजू नये. तो बहुधा डेलिरियम असतो, म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलंय. त्याचा सुस्त प्रकारही असतो. त्यात माणूस गप्प पडून राहतो, कोणाला त्रास देत नाही आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो. शांत हॉलबद्दल माझा राग आहे त्याचं हे दुसरं कारण.

औषधांच्या यादीत आणखी एक जोडी शोधा. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल आणि लघवी रोखण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन. पहिलं ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचं निरोप पोचवणारं रसायन वाढवतं, दुसरं त्याचाच मार्ग अडवतं. कधीकधी लघवीची घाई डोनेपेझिलनेच सुरू झालेली असते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही जुन्या गोळ्या, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन वगैरे, याच मार्ग अडवणाऱ्या गटातल्या. त्या ‘साध्या’ मानून दिल्या जातात आणि माणूस दुसऱ्या दिवशी भ्रमिष्टासारखा वागतो.

भेटीची वेळ. दुपारी बाराला बोलावतील, जाऊ नका. एकदा संध्याकाळी पाच ते सात आणि एकदा सुट्टीच्या दिवशी जा. हनुवटी छातीला टेकवून किती जण झोपलेत ते मोजा. लाळ गळणारे, बोटं थरथरणारे, चालताना हात न हलवणारे किती? पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की कपाटावर? चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का? कानाची मशीन कानात आहे की नर्सच्या खणात? ऐकू न येणारा डिमेन्शियाचा माणूस हमखास ‘हेकट’ ठरतो. केअरटेकर मागून येऊन खुर्ची ढकलतो, की समोर येऊन, खाली बसून, डोळ्यांत बघून आधी बोलतो? हे दहा मिनिटांत कळतं आणि माहितीपत्रकात छापता येत नाही.

गजबजलेल्या केंद्रातला आवाज कसला होता तेही आठवून बघा. टीव्ही दिवसभर सुरू असेल तर तो गोंगाट वाईट, त्याने अस्वस्थता वाढते. एखादी आजी ‘मला घरी जायचंय’ म्हणत वीस मिनिटं ओरडतेय आणि तिच्याकडे कोणी वळत नाही, हे तर सरळ नकार देण्याचं कारण. नर्सशी वाद घालणारे गृहस्थ मात्र मला शुभलक्षण वाटतात. नर्स उत्तर देत होती ना?

आंघोळ कशी घालतात ते नक्की विचारा. मारामारी बहुतेक तिथेच होते. थंड खोली, अंगावर अचानक पाणी, अनोळखी माणसाने कपडे काढणं, यावर कोणीही हात उगारेल. पर्याय साधा आहे: खाटेवरच, कोमट ओल्या मोठ्या टॉवेलने पूर्ण अंग झाकून एकेक भाग पुसायचा, न धुवावा लागणारा साबण वापरायचा. नर्सिंग होममधल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत, आणि माणसाच्या कलाने घातलेली शॉवरची आंघोळ, दोन्हींनी आक्रमक प्रसंग निम्म्याहून जास्त घटले. ‘आमच्याकडे सकाळी सहा ते आठ सगळ्यांच्या आंघोळी आटोपतात’ असं अभिमानाने सांगणाऱ्या केंद्राने पुढची गोळी कुठून येते ते स्वतःच सांगून टाकलं.

इमारतीवर मी फार वेळ घालवणार नाही. चकचकीत फरशी ओली वाटते आणि दारातली काळी पायपुसणी खड्डा वाटते, दोन्ही नकोत. कमोडची सीट भिंतीपेक्षा वेगळ्या, गडद रंगाची हवी. कडीकुलपाबद्दल एकच: आकड्यांचा कोड दाबून उघडणारं दार आग लागल्यावर आपोआप उघडतं का, ते दाखवायला सांगा. खाटेचे कठडे सुरक्षिततेसाठी म्हणून दाखवतील. चालू शकणारा माणूस ते ओलांडून जास्त उंचावरून पडतो. त्यापेक्षा खाट जमिनीलगत आणणं आणि बाजूला जाड गादी टाकणं बरं. ‘गावासारखं वातावरण’ अशी जाहिरात असेल तर ती कल्पना नेदरलँड्समधल्या वेस्पच्या होखेवेकवरून आली आहे, ते २००९ मध्ये सुरू झालं. तिथे सहा-सात जणांचं एक घर आणि त्या घराची ठरलेली माणसं असतात. नक्कल करणारे दुकानांच्या पाट्या उचलतात आणि माणसांची संख्या विसरतात.

संख्येचं विचारताना ‘रात्री दोन ते चार या वेळात जागी किती माणसं?’ असं विचारा. ‘स्टाफ’ या शब्दात स्वयंपाकी आणि ड्रायव्हरही मोजले जातात. सर्वांत जुना केअरटेकर किती वर्षांपासून आहे तेही विचारा, शक्यतो त्यालाच.

करारात अनामत रक्कम सगळे बघतात. तुम्ही ‘वर्तन आटोक्याबाहेर गेल्यास’ या कलमावर बोट ठेवा. ते कोण ठरवणार, किती दिवसांची मुदत, त्याआधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलं पाहिजे की नाही? कलम मोघम असेल तर तुम्हाला ऐकवलं जाणारं वाक्य ठरलेलं आहे: गोळी वाढवू द्या, नाहीतर घेऊन जा. कोणतंही मनावर काम करणारं औषध सुरू करण्याआधी घरच्यांना फोन, कारण आणि पुन्हा आढावा घेण्याची तारीख, हे तीन मुद्दे लेखी घ्या. पहिले पंधरा दिवस भेटू नका, तो रुळू दे, असं काही केंद्रं सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. याच पंधरा दिवसांत गोळी सुरू होते.

बहिणीला कसं पटवू, असंही विचारलंय. पटवू नका, तिला पाच वाजताच्या भेटीला पाठवा. आणि घरी ठेवावं की केंद्रात, या वादात मी पडत नाही. रात्रभर जागणारा एकच माणूस घरी असेल तर महिन्याभरात घरातही हीच गोळी सुरू होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कधीकधी औषध लागतंच. भास इतके भीतीदायक असतात की माणूस जेवत नाही, किंवा मारहाणीत कोणी जखमी होतं. तेव्हा रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक अगदी कमी मात्रेत, ०.२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशा सुरुवातीने, देतात. युरोपात अल्झायमरमधल्या सततच्या आक्रमकतेसाठी त्याला सहा आठवड्यांपर्यंतचीच मान्यता आहे. सहा आठवडे, सहा वर्षं नव्हेत. वडिलांना काही चालू असेल तर माझं उत्तर वाचून अचानक बंद करू नका, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. आणि शांत हॉल दरवेळी औषधाचाच असतो असंही नाही. पुढच्या टप्प्यातले रहिवासी जास्त असतील तर शांतता स्वाभाविक असते. तुमचं पहिलं केंद्र तसं असू शकेल, मी ते पाहिलेलं नाही.

कोणतंही निवडलंत तरी दाखल करायच्या दिवशी वडिलांचं वजन तिथल्याच काट्यावर करून लिहून घ्या. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट ही गंभीर मानतात. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी घ्यायला लावा. वरचा आकडा वीसने पडत असेल तर तो नोंदवा. शिवाय ते खुर्चीतून उठून दहा पावलं चालतात आणि वळून येतात, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. महिन्याने तसाच दुसरा काढा. पावलं आखूड झाली असतील, हात हलत नसतील, तर दोन्ही व्हिडिओ बाहेरच्या डॉक्टरला दाखवा, आणि मॅनेजरशी त्यानंतरच बोला.