'असंसर्गजन्य' की 'जंतुसंसर्ग नसलेला'?

फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांच्या छातीतल्या महाधमनीला आलेला फुगवटा शस्त्रक्रियेने काढला, काढलेला तुकडा तपासायला गेला आणि अहवालात 'नॉन-इन्फेक्शस एऑर्टायटिस, जायंट सेल पॅटर्न' असं आलं. घरच्यांसाठी 'महाधमनीचा असंसर्गजन्य दाह' असं लिहिलं तर चालेल का?

ताई, 'असंसर्गजन्य' लिहू नका. फोड केली तर शब्द बरोबर आहे, पण मराठीत 'संसर्गजन्य' म्हटलं की एकाचा दुसऱ्याला होणारा, हाच अर्थ मनात येतो. मधुमेह, रक्तदाब यांना आरोग्य खात्याची पत्रकं असंसर्गजन्य म्हणतात ती याच अर्थाने. तुमच्या अहवालाला सांगायचंय ते वेगळं: धमनीच्या भिंतीत जंतू सापडले नाहीत. रक्तातून आलेले जंतू महाधमनीच्या भिंतीत रुजले, तरी तो आजार सहसा शेजारी बसणाऱ्याला होत नाही. म्हणजे तुमचा शब्द दोन्ही प्रकारांना लागू पडेल, आणि अहवालाने केलेला भेदच पुसला जाईल.

हा भेद जिवाशी गाठ घालणारा आहे. जंतू असले तर प्रतिजैविकं लागतात. नसले तर बऱ्याचदा स्टिरॉइड देतात, आणि जंतू असताना नुसती स्टिरॉइड दिली तर रोग फोफावतो. म्हणून तुकडा पाहणारे डॉक्टर शंका आल्यास जीवाणू, क्षय, बुरशी यांच्यासाठी वेगवेगळे रंग देऊन काचपट्ट्या तपासतात. उपदंशाचा (सिफिलिसचा) शोध रक्तातही घ्यावा लागतो, कारण त्यात दिसणारी प्लाझ्मा पेशींची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) गर्दी आयजीजी-फोर नावाच्या जंतूविना होणाऱ्या आजारातही दिसते. तेव्हा सरळ 'जंतुसंसर्ग नसलेला' लिहा. 'निर्जंतुक' मात्र नको, तो शब्द उकळलेल्या सुईचा.

आता 'दाह'. घरात हा शब्द वाचून छातीतली जळजळ आठवेल आणि कोणीतरी सोलकढी पुढे करेल. 'सूज' सगळ्यांना कळते, कोकणीतही तोच शब्द आहे. पण इथे आधीच फुगवटा आहे, त्यामुळे फुगवटा म्हणजेच सूज असा समज होईल. फुगवटा हा परिणाम आहे. मूळ आजार भिंतीच्या आत असतो: मधल्या थरात पेशींची गर्दी होते, लवचीक तंतू तुटतात, भिंत दुबळी होते. म्हणून मला 'शोथ' योग्य वाटतो. त्याचा संस्कृत धातू 'श्वि', म्हणजे फुगणंच. तरी रोजच्या बोलण्यात नसल्यामुळे तो शास्त्रीय अर्थ नीट पेलतो. संधिशोथ, आंत्रपुच्छशोथ हे शब्द मराठी विश्वकोशात आहेतच. त्याच विश्वकोशात धमनीला 'रोहिणी' आणि महाधमनीला 'महारोहिणी' म्हटलंय. फार देखणा शब्द, पण वडिलांना डॉक्टरांशी बोलायचंय, म्हणून 'महाधमनी'च ठेवा.

'बायोप्सी'ला 'जीवोतक परीक्षा' असा प्रतिशब्द आहे. घरच्यांसाठी 'तुकड्याची तपासणी' पुरेल. महाधमनीत सुई घालून तुकडा काढणं धोक्याचं, म्हणून तो बहुधा अशा शस्त्रक्रियेतच हाती येतो, आणि आजाराचा पत्ताही पुष्कळदा तेव्हाच लागतो.

राहिला 'जायंट सेल पॅटर्न'. 'राक्षसी पेशी' नको, घरात कर्करोगाची भीती शिरेल. या अनेक पेशी एकत्र मिसळून झालेल्या मोठ्या पेशी, त्यांना 'महाकाय पेशी' म्हणा. आणि 'पॅटर्न' गाळू नका, 'नमुना' लिहा. महाकाय पेशींचा नमुना टाकायासूच्या आजारातही दिसतो आणि जायंट सेल आर्टरायटिसमध्येही; दोन्ही मोठ्या धमन्यांच्या शोथाचे आजार. काचपट्टीवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. वय मदत करतं. पहिला बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो, दुसरा 50 नंतर. काही रोग्यांत यांपैकी काहीच निघत नाही, शोथ महाधमनीपुरताच असतो. म्हणून तुकडा पाहणाऱ्यांनी नमुना सांगून लेखणी थांबवली आहे. आजाराचं नाव इतर धमन्यांचं स्कॅन आणि रक्ताचे अहवाल पाहून संधिवाततज्ज्ञ सांगतील. तोवर तुमच्या कागदावर 'जंतुसंसर्ग नसलेला महाधमनीशोथ, महाकाय पेशींचा नमुना' एवढंच असू द्या.